ट्रान्झिस्टरची संपृक्तता आणि तिचे नियंत्रण

ट्रान्झिस्टर हा शब्द आपल्या घरांत प्रथम शिरला तो रेडिओचे नाव म्हणून. वास्तविक ते त्या रेडिओच्या पोटातील एका चिमुकल्या घटकाचे नाव होय. १९४७ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध केला. त्यांचे सहकारी विल्यम शॉकली यांनी पुढल्याच वर्षी त्याच्या अधिक टिकाऊ प्रकाराची कल्पना मांडली. १९५६ साली या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेडिओत हा घटक क्षीण संदेशाचे वर्धन करतो, हे आपणांस ठाऊक असेलच. परंतु त्याच्याकडून आणखी एक काम करून घेता येते, आणि ते म्हणजे कळीचे, म्हणजे आपण भिंतीवरील ज्या बटणाने दिवा लावतो व मालवतो त्या बटणाचे. मोटर, रिले, तापक तार अशा वस्तूंना वीज देणाऱ्या व तोडणाऱ्या मंडलांना चालक मंडले म्हणतात. या मंडलांत ट्रान्झिस्टर सेकंदातून हजारो वेळा उघडमीट करतो. हे काम करताना तो ज्या एका अवस्थेत जातो तिला संपृक्तता असे नाव आहे. ही अवस्था उपकारकही आहे आणि अपकारकही. तिचा उपकार तेवढा घ्यावा आणि अपकार टाळावा, यासाठी अभियंत्यांनी कोणकोणत्या युक्त्या योजिल्या, ते या लेखात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

कळ म्हणून ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. त्यांना एमिटर, बेस आणि कलेक्टर म्हणतात. आपण त्यांना अनुक्रमे उत्सर्जक, आधार व संग्राहक म्हणू. आधारात सोडलेला लहानसा प्रवाह संग्राहकातून वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहाचे नियमन करतो. आधारातील १ मिलिअँपिअर प्रवाहामुळे संग्राहकात ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्या ट्रान्झिस्टरचा वर्धनांक ५० आहे असे म्हणावयाचे.

आता एक उदाहरण घेऊ. १२ व्होल्टची बॅटरी, २४ ओहम रोधाची तापक तार आणि ५० वर्धनांकाचा ट्रान्झिस्टर असे एकापुढे एक जोडले आहेत. बॅटरी सरळ तारेला जोडली असती तर तारेतून अर्धा अँपिअर, म्हणजे ५०० मिलिअँपिअर प्रवाह वाहिला असता. तेवढा प्रवाह ट्रान्झिस्टरमधून जावा यासाठी आधारात १० मिलिअँपिअर प्रवाह हवा.

समजा आपण कंजुषी करून ५ मिलिअँपिअरच दिले. मग संग्राहकातून २५० मिलिअँपिअर वाहतील. तारेवर ६ व्होल्ट खर्ची पडतील आणि उरलेले ६ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर राहतील. ६ व्होल्ट गुणिले पाव अँपिअर, म्हणजे दीड वॅट उष्णता ट्रान्झिस्टरच्या इवल्याशा देहात निर्माण होईल. लहान ट्रान्झिस्टरला एवढी उष्णता सहन होत नाही. तो थोड्याच वेळात जळून जातो.

याच्या उलट, आधाराला पुरेसा प्रवाह दिला की ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. तारेतून जवळजवळ अर्धा अँपिअर वाहू लागतो आणि ट्रान्झिस्टरवर केवळ ०.२ व्होल्टच्या आसपास दाब उरतो. आता त्याच्यात निर्माण होणारी उष्णता ०.२ गुणिले अर्धा, म्हणजे एक-दशांश वॅट. काम दुप्पट प्रवाहाचे, पण उष्णता मात्र पंधरा पटींनी कमी! म्हणूनच कळ एक तर पूर्ण बंद असावी अथवा पूर्ण उघडी. मधल्या स्थितीत ती रेंगाळू नये, हा चालक मंडलांचा पहिला नियम आहे.

संपृक्तता म्हणजे काय?

आधारात १० मिलिअँपिअर असताना संग्राहकात ५०० मिलिअँपिअर वाहतात, तर २० मिलिअँपिअर दिल्यावर १,००० वाहतील काय? मुळीच नाही. बॅटरी व तार यांनी मर्यादा घालून दिली आहे. ५०० च्या वर प्रवाह जाऊच शकत नाही. आधाराने कितीही आग्रह केला तरी संग्राहकाचा प्रवाह जेव्हा वाढत नाही, तेव्हा ट्रान्झिस्टर संपृक्त झाला असे म्हणतात. पाण्यात साखर विरघळता विरघळता एक वेळ अशी येते की पुढची साखर तळाशी तशीच राहते. हे द्रावण जसे संपृक्त, तसाच हा ट्रान्झिस्टर.

अशा वेळी आत काय घडते? आधाराचा दाब उत्सर्जकाहून ०.७ व्होल्टने अधिक असतो. एरवी संग्राहकाचा दाब याहून पुष्कळ वर असल्यामुळे आधार व संग्राहक यांमधील संधी मिटलेली असते. परंतु संपृक्त स्थितीत संग्राहक ०.२ व्होल्टपर्यंत खाली उतरतो, म्हणजे आधाराच्याही अर्ध्या व्होल्टने खाली जातो. साहजिकच ती दुसरी संधीही उघडते. दोन्ही बाजूंनी विद्युत्कण आत शिरू लागतात आणि आधाराच्या पातळ थरात व त्याच्या शेजारी त्यांची गर्दी साचते. पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ या गर्दीत आहे.

हौदाचा दृष्टान्त

ही गर्दी समजण्यास एक हौद डोळ्यांपुढे आणावा. त्याच्यावर एक नळ सोडला आहे. तो नळ म्हणजे आधाराचा प्रवाह. हौदाच्या बुडाला एक बारीक छिद्र आहे. त्यातून पाणी सतत झिरपते, आणि पातळी जितकी उंच तितके ते अधिक झिरपते. ट्रान्झिस्टरमध्येही साचलेले विद्युत्कण असेच आपोआप नाहीसे होत असतात. हौदाच्या भिंतीवर एक खूण केलेली आहे. पाणी खुणेपर्यंत चढले की संग्राहकाचा प्रवाह आपल्या कमाल मर्यादेला पोहोचतो. खुणेच्या वर चढलेल्या पाण्याचा त्याला काही उपयोग नाही.

आता नळ बंद करा. खुणेच्या वरचे पाणी जोवर उतरत नाही तोवर संग्राहकाचा प्रवाह मुळी बदलतच नाही. आपण 'थांब' म्हटले तरी ट्रान्झिस्टर काही काळ वाहतच राहतो. या विलंबाला साठवण-काल म्हणतात.

हौद छिद्रावाटे रिता होण्याचा स्वतःचा असा एक वेग असतो. त्यावरून ठरणाऱ्या कालमानाला आपण एक 'घटका' म्हणू. आपल्या उदाहरणात जरुरीच्या १० ऐवजी ५० मिलिअँपिअर दिले असतील, तर पाणी खुणेच्या पाचपट चढेल आणि नळ बंद केल्यावर ते खुणेपर्यंत उतरण्यास ढोबळ हिशेबाने १.६ घटका लागतील. दुप्पटच दिले असतील तर ०.७ घटका पुरेल. अगदी खुणेपर्यंतच दिले असतील तर विलंब शून्य. नळ केवळ बंद न करता हौदातून पाणी उपसले, म्हणजे आधारातून उलट दिशेने प्रवाह ओढून घेतला, तर काम आणखी लवकर होते. पाचपट भरलेल्या हौदातून ५० मिलिअँपिअरच्या वेगाने उपसले तर १.६ घटकांऐवजी सुमारे अर्धी घटका लागते.

प्रत्यक्ष आकडा पाहावयाचा असेल तर २ एन २२२२ ए हा सुप्रसिद्ध लहान ट्रान्झिस्टर घ्यावा. १५० मिलिअँपिअर प्रवाहावर त्याला उघडण्यास फार तर ३५ नॅनोसेकंद लागतात, परंतु त्याचा साठवण-काल २२५ नॅनोसेकंदांपर्यंत असू शकतो. (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.) म्हणजे उघडण्यापेक्षा सोडून देण्यालाच त्याला सहापटीहून अधिक वेळ लागतो.

मग खुणेपर्यंतच का भरू नये?

कोणीही चाणाक्ष विद्यार्थी विचारील की, विलंब नको असेल तर आधाराला नेमका हवा तेवढाच प्रवाह द्यावा, म्हणजे झाले! अडचण अशी की, एकाच नावाचे दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात. २ एन ३०५५ हा मोठ्या प्रवाहाचा जुना व विख्यात ट्रान्झिस्टर. ४ अँपिअर प्रवाहावर त्याचा वर्धनांक २० ते ७० यांमध्ये कोठेही असू शकतो, असे त्याच्या माहितीपत्रकातच दिलेले असते. शिवाय थंडीत वर्धनांक घटतो आणि उष्णतेत वाढतो. मंडल रचणाऱ्याला सर्वांत मंद ट्रान्झिस्टर गृहीत धरून प्रवाह द्यावा लागतो, आणि नशिबाने हाती ७० चा आला तर तोच प्रवाह त्याला साडेतीनपट होतो. चालक मंडलांत संग्राहकाच्या एक-दशांश प्रवाह आधाराला देण्याची जी रूढी आहे, ती याच सावधगिरीपोटी.

विलंब कोठे बाधतो?

सर्वच ठिकाणी या विलंबाची चिंता करण्याचे कारण नाही. रिलेची लोखंडी पट्टी हलण्यास काही मिलिसेकंद लागतात. तेथे ट्रान्झिस्टरने एक-दोन मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक-दोन दशलक्षांश, उशीर केला तर कोणाचे काय बिघडले? तेथे खुशाल पाचपट प्रवाह द्यावा.

परंतु मोटरचा वेग कमी-अधिक करण्यासाठी तिची वीज सेकंदाला २०,००० वेळा तोडावी व जोडावी लागत असेल, तर एका आवर्तनाला ५० मायक्रोसेकंदच मिळतात. त्यांतले २ मायक्रोसेकंद विलंबात गेले की शेकडा ४ इतकी चूक झाली. त्याहूनही गंभीर प्रसंग म्हणजे दोन ट्रान्झिस्टरांच्या जोडीचा. मोटर दोन्ही दिशांनी फिरवावयाची असेल तर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये दोन ट्रान्झिस्टर एकाखाली एक बसवितात; वरचा उघडा असताना खालचा बंद, आणि खालचा उघडा असताना वरचा बंद. वरच्याला 'बंद हो' म्हणून त्याच क्षणी खालच्याला 'उघड' म्हटले, तर साठवण-काळापुरते दोघेही उघडे राहतात. मध्ये ना मोटर, ना तार. बॅटरीचा सारा प्रवाह दोघांतून सरळ आरपार धावतो. सेकंदातून हजारो वेळा असे घडले तर दोघांचाही अंत ओढवतो. म्हणून एकाला बंद करण्याची आज्ञा आणि दुसऱ्याला उघडण्याची आज्ञा यांमध्ये मुद्दाम थोडा मोकळा अवधी सोडावा लागतो. साठवण-काल जितका अधिक, तितका हा अवधीही अधिक आणि कामाचा वेग तितका कमी.

लगाम घालण्याच्या युक्त्या

सर्वांत सोपी युक्ती धारित्राची, म्हणजे बाजारात आपण ज्याला कंडेन्सर म्हणून ओळखतो त्याची. आधाराला जोडलेल्या रोधाच्या दोन टोकांवर एक लहान धारित्र बसविले की उघडण्याच्या क्षणी ते आधाराला जोराचा धक्का देते, आणि मिटण्याच्या क्षणी साचलेले कण झपाट्याने ओढून घेते. हौद भरूही द्यावा, पण उपसण्याची सोय तयार ठेवावी, असा हा मार्ग आहे.

दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेतील रिचर्ड बेकर यांनी १९५६ साली एका अहवालात तो मांडला. त्यावरून त्याला बेकरचा लगाम म्हणता येईल. यात दोन डायोड लागतात. डायोड हा एकाच दिशेने प्रवाह सोडणारा घटक. सिलिकनचा असेल तर प्रवाह जाताना त्याच्यावर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. येणारा प्रवाह एका डायोडमधून आधाराकडे जातो आणि त्याच बिंदूपासून दुसरा डायोड संग्राहकाकडे जातो. आधार ०.७ व्होल्टवर, म्हणून हा बिंदू १.४ व्होल्टवर. आता संग्राहकाचा दाब उतरत उतरत ०.७ व्होल्टला आला की दुसरा डायोड उघडतो आणि जास्तीचा प्रवाह आधाराकडे न जाता परस्पर संग्राहकातून निघून जातो. हौदाला नेमक्या खुणेपाशीच एक सांडवा ठेवावा, तसे हे झाले. ट्रान्झिस्टरचा वर्धनांक २० असो वा ७०, तो आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह घेतो व बाकीचा सोडून देतो. यात मनुष्याला मोजमाप करावे लागत नाही, हे या युक्तीचे खरे सौंदर्य.

तिला किंमत मात्र द्यावी लागते. संग्राहक ०.२ ऐवजी ०.७ व्होल्टवर थांबतो. म्हणजे आपल्या उदाहरणात उष्णता ०.१ वॅटवरून ०.३५ वॅट होते. शिवाय आधाराकडे जाणारा डायोड उलट दिशेने प्रवाह सोडत नसल्यामुळे आधारातील कण बाहेर काढण्यासाठी तिसरा, उलटा डायोड किंवा एक रोध वेगळा जोडावा लागतो. हे न जोडता केवळ दोन डायोड बसविले तर लाभाचा मोठा भाग वाया जातो.

ही किंमत कमी करण्यास जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉटकी यांच्या नावाचा डायोड उपयोगी पडला. धातू व अर्धवाहक यांच्या संधीने बनलेल्या या डायोडवर ०.३ ते ०.४ व्होल्टच खर्ची पडतात आणि त्याच्यात विद्युत्कणांची साठवण जवळजवळ होत नाही. तो आधार व संग्राहक यांमध्ये सरळ जोडला की संग्राहक ०.४ व्होल्टच्या सुमारास अडतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील जेम्स बियार्ड यांनी असा डायोड व ट्रान्झिस्टर एकाच सिलिकनच्या तुकड्यावर घडविण्याच्या कल्पनेसाठी १९६४ साली पेटंटचा अर्ज केला. गणकयंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ७४०० या संकलित मंडलाला एक निर्णय घेण्यास सुमारे १० नॅनोसेकंद लागत. शॉटकी डायोड घातलेल्या त्याच्या भावंडाला सुमारे ३ नॅनोसेकंद पुरू लागले.

याशिवाय सिलिकनमध्ये सोन्याचा अत्यल्प अंश मिसळून बुडाचे छिद्रच मोठे करणे, किंवा प्रवाह बंद न करता तो दोन ट्रान्झिस्टरांमध्ये इकडून तिकडे वळविणे, असेही मार्ग काढले गेले. दुसरा मार्ग आयबीएम कंपनीतील हॅनन यूर्क यांनी १९५६ मध्ये दाखविला. १९७६ साली आलेले क्रे-१ हे महागणकयंत्र याच तत्त्वाच्या मंडलांवर चाले.

चित्रवाणी संचातील कसोटी

या सर्व विचाराची खरी कसोटी काचेच्या चित्रनळीच्या चित्रवाणी संचात लागत असे. आपल्या देशातही चालत आलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेषा काढल्या जात, म्हणजे एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळत. रेषा काढणाऱ्या वेटोळ्यांना प्रवाह देणारा ट्रान्झिस्टर रेषेच्या अखेरीस बंद व्हावा लागे, आणि तो बंद होताच त्याच्यावर हजार व्होल्टच्या घरातला दाब चढे. या कामासाठी प्रसिद्ध असलेला बीयू २०८ हा ट्रान्झिस्टर १,५०० व्होल्टपर्यंत दाब सहन करण्यासाठी बनविलेला होता.

वेटोळ्यांतील प्रवाह रेषेच्या शेवटी सर्वांत अधिक असे. आधाराचा प्रवाह कमी पडला तर नेमका त्याच वेळी ट्रान्झिस्टर संपृक्ततेबाहेर येई व तापे. आधाराचा प्रवाह अधिक झाला तर साठवण वाढे. मग आधारातून कण एकदम हिसकावून घ्यावेत काय? तेही घातक! इतका दाब सोसण्यासाठी या ट्रान्झिस्टरच्या संग्राहकाचा थर जाड ठेवलेला असतो आणि कणांची साठवण मुख्यतः तेथेच होते. आधार एकदम रिता केला की उत्सर्जकाची वाट आधी मिटते आणि संग्राहकातले कण आत कोंडून पडतात. दाब चढू लागला तरी प्रवाहाचे शेपूट मागे रेंगाळते, आणि दाब व प्रवाह एकाच वेळी असले की उष्णता ही आलीच. म्हणून आधाराच्या वाटेवर एक लहानसे वेटोळे ठेवून प्रवाह हळूहळू उलटा करीत, आणि साठवणीचे काही मायक्रोसेकंद हिशेबात धरून बंद होण्याची आज्ञा आधीच देत. कमी दिले तरी दाह, जास्त दिले तरी दाह, घाईने काढून घेतले तरी दाह! त्या संचांच्या दुरुस्तीत हा ट्रान्झिस्टर नवा बसवूनही पुन्हा जळत असेल, तर दोष पुष्कळदा त्याला चालविणाऱ्या मंडलात सापडे.

आज मोटरांच्या चालक मंडलांत बहुधा मॉसफेट व आयजीबीटी हे घटक असतात. मॉसफेटमध्ये अशा कणांची साठवण होत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी. मॉसफेटच्या पुस्तकांत 'संपृक्त विभाग' हा शब्द येतो त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. कळ म्हणून पूर्ण उघडलेला मॉसफेट त्या विभागात नसतो.

घरी करण्याजोगा प्रयोग

बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे चार सेल, १,००० ओहमचा एक रोध आणि एक मल्टिमीटर एवढे साहित्य पुरे. रोध संग्राहकाला व सेलच्या धन टोकाला जोडावा, उत्सर्जक ऋण टोकाला जोडावा, आणि धन टोकापासून आधारापर्यंत निरनिराळे रोध लावून संग्राहक व उत्सर्जक यांमधील दाब मोजावा. वर्धनांक २०० असेल तर दहा लक्ष ओहमचा रोध लावल्यावर दाब ५ व्होल्टच्या जवळ दिसेल. २,२०,००० ओहमला तो सव्वा व्होल्टच्या आसपास येईल. १,००,००० ओहमला ट्रान्झिस्टर संपृक्त होऊन दाब दोन-दशांश व्होल्टच्या आत उतरेल. त्यानंतर १०,००० ओहमचा रोध लावावा. आधाराचा प्रवाह दहापट झाला, पण दाब व्होल्टच्या काही शतांशांनीच कमी झालेला आढळेल.

या शेवटच्या मापनाकडे विशेष लक्ष द्यावे, अशी आमची सूचना आहे. जास्तीच्या नऊपट प्रवाहाने मीटरवर जवळजवळ काहीच लाभ दाखविला नाही, आणि त्याने केलेली हानीही मीटरवर दिसली नाही. कारण ती हानी काळाची आहे, आणि ती पाहण्यास ऑसिलोस्कोप लागतो. 'अति तेथे माती' ही म्हण आपण व्यवहारात वापरतो. येथे माती किती व्हावयाची, हे नॅनोसेकंदांत मोजता येते. ज्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप असेल त्यांनी गुरुजनांच्या देखरेखीखाली हे दोन्ही रोध पाळीपाळीने लावून, आधाराला चौकोनी तरंग देऊन विलंब स्वतः मोजावा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले म्हणजे संपृक्ततेचे मोल किती पडते ते त्यांना आपोआप कळेल.